मिठाचा खड्डा

पांढरं घोंगडं आंधळा बी इनंल. काळ्याचं तसं न्हाय. काळ्या तान्यात, म्हंजे उभ्या दोऱ्यांत, काळा धागा तुटला की त्यो हुडकायला डोळं लागत्यात, आन् माज्या मामंजींचं डोळं दगा द्याया लागलं व्हतं.

मामंजी म्हंजे धुळाप्पा, माजं सासरं. सोलापुरात गिरन्यांच्या मागल्या अंगाला आमची वस्ती. हिकडं राहतं घर, मदी आंगन, पल्याड मागाची खोप. खोपीत जमिनीत खड्डा खांदलेला, त्यात पाय सोडून मामंजी दिसभर मागावर बसायचं. त्येंच्या हातचं घोंगडं सांगोल्याकडचं धनगर नाव घिऊन मागायचं. आन् दर दसऱ्याला बिरोबाच्या गादीखाली नवं काळं घोंगडं घालायचा मान आमच्या घराचा, माज्या आजेसासऱ्याच्या आदीपासनं.

बिजली यायच्या आदल्या दसऱ्याचं सांगताना माजं तोंड आजबी कडू हुतं. ज्ञानू पुजाऱ्यानं घोंगडं उलगडलं, उन्हाकडं धरलं, आन् तुटक्या धाग्यानं पडलेल्या भोकात बोट घातलं. घातलं त्ये घातलं, पलीकडनं हालवून समद्या जत्रंला दावलं. पोरंसोरं हसली.

"धुळाप्पा," त्यो म्हनला, "दिसत न्हाय तर इनू नगं बाबा. फुडल्या साली बी असंच आनलंस तर मान तुज्या चुलत्याच्या घरात जाईल बघ."

मामंजी तितनं घरापतुर एक शबूद बोललं न्हाईत. घरी आल्यावर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं, आन् आडवा दोरा फेकायचा धोटा हातात नुसता धरून ठिवला. मला लई राग आलता. पुजाऱ्याचा न्हवं, त्या बोटाचा.

खोपीत कंदील लावावा तर काजळी धरायची. आन् लोकरीचा भुगा हवंत तरंगतूय, एकदा ठिनगी पडून अर्धा ताना जळून गेलता. पावसाळ्यात आभाळ भरलं की खोपीत दिसा बी अंधारच. दसरा तर पावसाळ्याच्या शेवटाला, म्हंजे देवाचं घोंगडं इनायचं त्ये नेमकं अंधाराच्या दिसांत.

फुडल्या साली मिरगाच्या आदी बिजलीचं खांब आमच्या वस्तीवरनं गेलं. खांबवाल्यांनी आंगनातल्या लिंबाची मोठी फांदी तोडली म्हनून माजी सासू केराबाई त्येंच्याशी भांड भांड भांडली. माजं धनी भिमा गिरनीत कामाला. त्ये रातीला जेवताना हळूच म्हनलं, "आबा, गिरनीत रातपाळीला सुईत दोरा ववता येतूय. आपल्या खोपीत बिजलीचा एक गोळा घिऊ का?"

मामंजींनी घास तसाच हातात धरला.

"आभाळातनं पडती ती बिजली," सासू म्हनली. "ती पडू ने म्हनून आमी देवाला हात जोडतो. आन् तुमी तिला दार उघडून आत घ्या."

"घ्यायची," मामंजी म्हनलं, आन् घास तोंडात घातला.

आता खांबापासनं घरातल्या मोजायच्या पेटीपतुर तार सरकारी मानूस आननार, पर घरातलं काम ज्येचं त्येनं आपला वायरमन आनून करायचं. मामंजींनी आदी गल्लीतला कल्लप्पा बोलवला. आपला मानूस, लग्नात रंगीत गोळ्यांच्या माळा लावनारा. त्यो आला, पान खात उभा ऱ्हायला, आन् इचारलं, "काका, किती गोळं पायजेत? वाश्याला खिळं मारून एका दिसात तारा वडतो. लग्नासारखं चकचकीत करतो."

मग धन्यांनी त्येंच्या गिरनीतला वायरमन गुरुलिंगअण्णा आनला. ठेंगणा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, कमरंला पकड आन् पेचकस. तोंडाला दम न्हाय. आंगनात पाय ठिवायच्या आदी सांगून मोकळा, "सोलापुरात माझ्यासारखा वायरमन नाही. एक होता, त्याला मीच शिकवलो." पर खोपीत शिरला आन् गप झाला. छपराकडं बघितलं. वाकून मागाच्या खड्ड्यातली माती बोटानं चिमटून बघितली, वली हाय का कोरडी.

"पावसात कुठं गळतं?" त्येनं इचारलं.

मी तितंच ठरवलं. एकानं गोळं किती इचारलं, आन् दुसऱ्यानं गळतं कुटं इचारलं. सुनंनं मोठ्यांच्या मदी बोलायचं नसतं, पर मी पदर सारखा करून म्हनलं, "मामा, ह्येच करू द्या."

"हा तर रविवार सोडून यायचा न्हाय," सासू म्हनली.

"न्हाय आला तरी चालंल, आत्या. एका दिसात लग्न हुतं, संसार न्हाय हुत."

मामंजी मिशीत हसलं. गेल्या दसऱ्यापासनं त्येंचं हसू मी पयल्यांदा बघितलं.

गुरुलिंगअण्णा रविवारच्या रविवारी यायचा. आमी सगळी त्येच्या मागं मागं. लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, त्यातनं तार नेली. घरात दाराजवळ मोठा खटका बसवला. घरातनं खोपीत तार न्यायला खोपीच्या कुडाशी लोखंडाचा पोकळ खांब रोवला, त्येच्या पोटातनं तार आत सोडली. आन् त्या खांबाच्या बुडाशी खड्डा खांदला. त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा, आन् वर मीठ. चांगलं पाटीभर मीठ. पत्र्याची जाड तार खांबाला आवळली आन् वर दगड ठिवला.

"आगं बया, मीठ पुरतूय ह्यो," सासू म्हनली. "करनी हाय का काय?"

"तायी, ही बिजलीची मोरी," अण्णा म्हनला. "बिजली चुकून लोखंडात उतरली, तर माणसातनं जायच्या आधी ह्या वाटेनं जमिनीत जाते. मोरी कोरडी पडून चालत नाही. नीरु हाकबेकु. रोज पाणी घालायचं, काय?"

"घालंल की ही मायाक्का," सासू म्हनली.

मग त्येनं मला उभं करून पाठ करून घेतलं. वल्ला हात खटक्याला न्हाय. कोन चिकटलं तर त्येला शिवायचं न्हाय, सख्खा असला तरी. आदी मोठा खटका पाडायचा, कोरड्या लाकडानं. चुकलं की वराडायचा, "परत." धनी हसायचं. मी मनात म्हनलं, शाळंत गेले न्हाय त्ये हितं सापडलं.

आन् मग त्यो दिस आला. तिनीसांज. गल्लीतली बायामानसं आंगनात. अण्णानं खटका दाबला आन् खोपीत असा उजेड पडला की बया बया, मागाच्या दोऱ्या, फणीचं दात, कोपऱ्यातलं कोळिष्टक, समदं दिसाया लागलं. पोरांनी कालवा केला. मला रडूच आलं. मी पदरात तोंड घालून रडले, आन् कशाला रडले त्ये मलाच कळंना.

मामंजी मागावर बसलं. वाकलं. डोळं बारीक करून तोंड तान्याजवळ न्हेलं.

"काय वं मामा?"

"माजीच सावली पडतिया," त्ये बारीक आवाजात म्हनलं. "हुतं त्येच्यापरीस काळं दिसतंय."

गोळा छपराच्या मदोमद, मामंजींच्या डोस्क्याच्या मागं. गुरुलिंगअण्णानं सांगितलं की गोळा मदीच असतो, समद्या सोलापुरात मदीच असतो. माजं डोस्कं फिरलं.

"अण्णा, ह्यो गोळा गल्लीला दावायला हाय का इनायला? तुमी बसा खड्ड्यात, वाका, आन् दावा मला धागा."

"बायकांनी मला शिकवायचं?"

"बसा तर."

बसला. वाकला. मग उठला, आन् कुनाकडं न बघता शिडी उचलली. गोळा डाव्या अंगाला, खाली, मागाच्या तोंडाशी आनला. वर पत्र्याची टोपी घातली, उजेड डोळ्यात न जाता तान्यावर पडावा म्हनून. मामंजींनी बोटं फिरवली. एका जागंला थांबली. नखानं एक तुटका धागा उचलला, पिळला, गाठ मारली.

"घावला," त्ये म्हनलं. एवढंच. सासूनं तोंड फिरवलं, पर तिनं डोळं पुसलेलं मी बघितलं.

त्येच्या फुडलं दिस म्हंजे सनच. मामंजी लोकर निवडायचं, मी आन् सासू सूत काढायचो. देवाच्या घोंगड्याला निवळ काळी लोकर, त्यात तांबूस केस चालत न्हाय. भादव्यात पावसानं उघडीप दिली, तवा चिंचोक्याची खळ शिजवली आन् ताना आंगनात वडायला काढला. खळ लावलेला ताना दोन्ही टोकाला वडून बांधला न्हाय तर दोरं एकमेकाला चिकटत्यात. आमी दर साली एक टोक लिंबाच्या फांदीला बांधायचो. ती फांदी तर खांबवाल्यांनी तोडलेली.

"ह्यो हाय की चांगला," मामंजी म्हनलं, आन् ताना त्या लोखंडी खांबाला बांधला. इनकराचं असंच असतंय. जे उभं दिसंल त्येला ताना बांधायचा. वडून बांधला, पाय लावून वडला. खांब जरा हालला. मी बघितलं, आन् मला काय बी वाटलं न्हाय.

मामंजी अनवानी. पायाखाली चिखल, दंडापतुर खळ. कुंचा मारत मारत खांबापतुर आलं, आन् तोल सावरायला डावा हात खांबाला लावला.

हात तितंच चिकटला. कुंचा खाली पडला. मान ताठली, दात आवळलं, आन् तोंडातनं घुमल्यावानी आवाज. समदं अंग थरथराया लागलं.

"अवं, काय झालं," म्हनून सासू पळत निघाली, दोन्ही हात फुडं करून.

मी तिला ढकललं. सासूला. दोन्ही हातानं, जोरात. ती चिखलात पाठीवर पडली. मी बघितलं बी न्हाय. मागाची कोरडी फळी खोपीच्या दारात उभी व्हती, ती घितली, घरात पळाले, आन् मोठ्या खटक्याला खालनं वर का वरनं खाली, द्येवाला ठावं, फळी हानली. दोन डाव हुकलं. तिसऱ्या डावाला खटका पडला.

भायेर आले तर मामंजी भुईवर. जवळ बसले, छातीला कान लावला. सुनंनं सासऱ्याच्या छातीला कान लावला, गल्लीनं बघितलं, बघू द्या. धडधड व्हती. मग त्येंनी डोळं उघडलं.

"ताना भिजंल," त्ये म्हनलं. "आभाळ आलंय."

सासू चिखलातनं उठली. पयलं मामंजींच्या तोंडावरनं हात फिरवला, मग माज्याकडं वळली. "सुनंनं मला लोळवलं," ती समद्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हनली. "कशापायी? तर बिजलीपायी. भिमा येऊ दे, आजच्या आज ती तार घराभायेर. न्हायतर मी तरी घराभायेर."

मी ताना सोडला, गोळा केला, आत न्हेला.  मामंजींच्या तळहातावर भाजल्यावानी पांढरा वळ उठलेला. तूप लावलं. त्ये भिंतीकडं तोंड करून निजलं. दसरा जवळ आलेला, आन् ताना अर्धा खळीचा, अर्धा कोरडा. मला वाटलं, संपलं. मान गेला, उजेड गेला, आन् ह्यो मानूस बी आता उटायचा न्हाय.

धन्यांनी गुरुलिंगअण्णाला गिरनीतनं तसाच आनला. अंगात कामाचे कपडे, धाप लागलेली. त्येनं आदी मामंजींची नाडी बघितली, डोळं बघितलं. मग खांबाकडं गेला आन् बुडाशी उकिडवा बसला.

"अय्यो शिवा. माझं मीठ कुठं गेलं?"

आमी समदी वाकलो. वरचा दगड बाजूला. खड्डा उकरलेला, कोळसं इस्कटलेलं, जाड तार खांबापासनं सुटून वाकडी पडलेली. आन् कडंला आमची तांबडी गाभण शेळी उभी, व्हटाला माती, जीभ फिरवत.

पाऊसच पानी घालतूय म्हनून मी कैक दिस खड्ड्याकडं फिरकले नव्हते. मग सासू हळूच म्हनली, "दगड मी काढला. पावसाळ्यात शेरडांना मीठ चाटाया लागतंय. हितं आयतं पुरल्यालं. गाभण हाय ती, मला वाटलं खाऊ दे."

"तायी," अण्णा वराडला, "बिजलीची मोरी शेळीला चारली तुम्ही."

"तुमी बिजली म्हनला, शेळीचं काय सांगितलं न्हाय."

 मग त्येनं शिडी लावली, खांबाच्या तोंडाशी बघितलं, आन् कापलेली तार भायेर वडली. उतरला तवा आवाज बसलेला.

"खांब हलला तसा तोंडाच्या धारेनं तारेची साल कापली. तिथं लाकडी बुच बसवायचं होतं. मी म्हटलो, इथं कोण ओढाताण करतंय, फुडल्या रविवारी बसवू." त्येनं कपाळाचं भस्म पुसलं. "माझं पण चुकलं. ताण्याचं मी विचारायला पाहिजे होतं. गळतं कुठं विचारलो, बांधता कुठं विचारलो नाही."

धनी म्हनलं, "अण्णा, आई म्हनती काढा."

"काढतो. सांगा, आत्ता काढतो."

"कोन काढतूय?" आतनं आवाज आला. मामंजी दाराला धरून उभं.  "कोनी हात लावायचा न्हाय. केरा, तू म्हनतीस ती खोटी न्हाय, ती आभाळातलीच हाय, आज मी बघितली. पर गेली तीन सालं मी अंदाजानं इनतोय. रोज मागावर बसताना मला भ्या वाटतं, आज कुटं भोक पडंल. कुनाला सांगितलं न्हाय. ह्या उजेडात मी माज्या डोळ्यानं धागा धरला. मला त्यो पुन्हा धरायचाय. एवढं घोंगडं हू दे, मग काढा काय काढायचं त्ये."

सासू त्येंच्याकडं बघत ऱ्हायली. इतकी सालं संसार केला, पर ह्या भ्याचं तिला ठावं नव्हतं.  चुलीपाशी गेली, मिठाची बरणी उचलली, आनून गुरुलिंगअण्णाच्या म्होरं ठिवली.

"पुरंल का?"

"अजून लागंल, तायी."

"मायाक्का, वाण्याकडं जा."

अण्णानं त्या दिशी गिरनीचा पगार बुडवला. नवी तार घातली, बुच बसवलं, खड्डा खोल खांदला, तार दोन जागंला आवळली. सासूनं खड्ड्याच्या भवती बाभळीच्या काट्याचं कुंपन घातलं. धन्यांनी लिंबाखाली ताना बांधाया नवी मेढ रोवली. आन् अण्णा जाताना खांबाला बोट लावून म्हनला, "ह्याला फक्त तार. ताणा नाही, दोरी नाही, शेळी नाही, सासू पण नाही." सासूला हसू आवरंना. चिखलात पडल्यालं तिनं मला तवा माफ केलं असंल, आदी न्हाय.

घोंगडं मामंजींनी इनलं. आभाळ भरून असायचं, भायेर पानी, आन् खोपीत तान्यावर उजेड. भाजलेल्या हाताला फडकं बांधून धोटा फेकायचं. मी येता जाता थांबायचे. धोट्याचा आवाज एका लयीत आला की माजं पाय बी त्याच लयीत पडायचं. मदीच आवाज थांबायचा, म्हंजे धागा तुटला. मग "घावला" म्हनायचं, आन् परत आवाज सुरू. त्या "घावला"साठी मी हातातलं काम सोडून कान द्यायचे.

दसऱ्याला ज्ञानू पुजाऱ्यानं घोंगडं उलगडलं. उन्हाकडं धरलं.  त्यो डावीकडनं उजवीकडं बघत गेला, उलटं केलं, परत बघितलं.  बोट फिरतंय, आन् बोटाला जागा घावंना.

"नीट बघ," मामंजी म्हनलं. त्येंनी पुजाऱ्याचं त्येच बोट आपल्या भाजलेल्या हातात धरलं, आन् काठापासनं काठापतुर समद्या घोंगड्यावरनं हळूहळू फिरवलं. "घाई न्हाय. दाबून बघ. कुटं जातंय का आत?"

पुजारी खाली बघाया लागला. "न्हाय जात," त्यो म्हनला.

"मग टाक देवाखाली."

भंडारा उधळला. माज्या डोळ्यात गेला, पानी आलं, आन् त्यात माजं रडू बी मिसळून गेलं. वाटंनं येताना मामंजी इतकं बोललं, इतकं बोललं की धनी म्हनलं, आबा, जरा दम खा.

घरी पोचलो तवा दिवेलागन झालेली. मामंजी पायतान काढून तसंच खोपीकडं निघालं. फुडच्या सालासाठी आताच लोकर बघायची म्हनं. हात खटक्याकडं गेला.

"थांबा," सासू वराडली.

ती घरातनं तांब्या घिऊन आली. काट्याचं कुंपन सरकवलं, वाकली, आन् मिठाच्या खड्ड्यात पानी वतलं. सगळा तांब्या वतला. शेळी कुठं हाय त्ये बघितलं, कुंपन परत लावलं, वल्लं हात पदराला कोरडं पुसलं. मग मामंजींच्या हातावरनं, त्या वळावरनं, बोटं फिरवून बघितलं, त्येंचा हात कोरडा हाय का.

"लावा आता," ती म्हनली.